एका डब्याचं घर

धोंडीराम आबांना जांभई आली की तीन मजल्यांचे टीव्ही बंद होतात. थट्टा नाही करत, खरंच होतात. टीव्हीचा डबा, म्हणजे तो सेट-टॉप बॉक्स, आबांच्या हॉलमध्ये आणि रिमोट आबांच्या मांडीवर. त्या डब्यातून एक वायर आबांच्या टीव्हीला जाते आणि दुसरी जिन्याच्या कडेनं वर चढते. पहिल्या मजल्यावर थोरल्या महेशच्या टीव्हीला, तिथून दुसऱ्या मजल्यावर धाकट्या प्रफुल्लच्या टीव्हीला. डबाच एक म्हटल्यावर चित्रही एकच. आबांनी बातम्या लावल्या की तिन्ही मजल्यांवर बातम्या, आबांनी कुस्ती लावली की तिन्ही मजल्यांवर कुस्ती. कोणाला दुसरं काही बघायचं असेल तर त्यानं खाली यावं आणि आबांना विचारावं. आणि आबांना विचारायची टाप कोणाची?

नाशकातल्या सिडकोच्या त्या गल्लीत सगळ्यांनी घरोघर, खोलीखोलीत वेगळे डबे घेतले, मोबाइलवर बघायला लागले, काहींनी तर टीव्ही काढूनच टाकला. आबा मात्र ठाम. "या घरात दोन डबे येनार नाय," असं त्यांनी एकदा सांगितलं आणि विषय संपला.

मनाली या घरात धाकटी सून म्हणून कळवणहून आली, त्या आठवड्यातली गोष्ट. वर आपल्या खोलीत ती सिनेमा बघत बसली होती. नायिका चिठ्ठी ठेवून घर सोडून चाललेली, दाराशी पोहोचलेली, आणि एकदम पडद्यावर कांद्याचे बाजारभाव. लासलगाव, पिंपळगाव, उमराणे. मनालीनं टीव्हीला दोन थपडा मारल्या. प्रफुल्ल पलंगावरून म्हणाला, "अगं, त्याला कशाला मारतेस? आबांनी बदललं." तेव्हा मनाली पोट धरून हसली होती. हसली हो! नवी होती ना.

आता आबा म्हणजे कोणी राक्षस आहेत असं समजू नका. तसे असते तर ही गोष्ट सोपी झाली असती. सायखेड्याकडच्या एका वस्तीतून पोरवयात नाशकात आले, अंबडच्या कारखान्यात घाम गाळला, दोन पोरांना शिकवलं आणि पत्र्याच्या दोन खोल्यांचं हे घर केलं. सून लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेली मिळाली याचा त्यांना कोण अभिमान! येणाऱ्याजाणाऱ्याला "जयभीम" झालं की पुढचं वाक्य ठरलेलं, "आमची मनाली रक्त तपासती. मशिनवर." नातेवाइकांत कोणाला साधा ताप आला तरी आबा सांगणार, आमच्या मनालीला दाखवा. मनालीला ते ऐकून लाजही वाटायची आणि बरंही वाटायचं.

पण या घराची एक खोड होती. कोणी बाहेर पडायला निघालं की घर एक मजला वर चढायचं. महेशला चाकणला चांगली नोकरी लागत होती. आबांनी फंडातून पैसे काढले आणि पहिला मजला बांधला. "आता कुठं जातो? तुझं घर झालं की." महेश राहिला. पुढं प्रफुल्ल पुण्याला जायचं म्हणायला लागला, आबांनी दुसरा मजला चढवला. प्रफुल्लही राहिला. लोक म्हणतात, धोंडीरामनं पोरांसाठी काय काय केलं! केलंच की. नाही कोण म्हणतंय?

मनाली एका खासगी लॅबमध्ये जात होती आणि गुपचूप सरकारी परीक्षा देत होती. आणि एक दिवस मोबाइलवर निरोप आला: निवड झाली. पेठच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन, राहायला क्वार्टर, महिनाअखेरपर्यंत हजर व्हायचं. मनालीनं तो निरोप लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन पुन्हा पुन्हा वाचला आणि नळ सोडून रडून घेतलं. आनंदानं बरं का. पेठ म्हणजे काही लांब देश नाही, घाट ओलांडला की आलं. पण रात्री-अपरात्री दवाखान्यातून हाक आली की जावं लागणार, म्हणजे तिथं राहायलाच हवं. आणि तिथं राहायचं म्हणजे हे घर सोडायचं.

"सांगू ना आबांना?" तिनं प्रफुल्लला विचारलं.

"सांगू. वेळ बघून सांगू."

प्रफुल्ल स्वभावानं गरीब गाय. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात म्हणतात. प्रफुल्लचे गहू जन्मभर पडूनच होते. पेठला यायला तो तयार होता, अंबडला गाडीवरून ये-जा करीन म्हणाला होता. पण आबांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. सकाळी आबांच्या बातम्या असायच्या, दुपारी आबांची झोप, संध्याकाळी बुद्धवंदना, मग परत बातम्या. वेळ काही सापडेना आणि महिना पुढं सरकत होता. मनालीला रात्री छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं.

अशात एक दिवस सुसाट वारं सुटलं आणि गच्चीवरची छत्री, म्हणजे ती डिश हो, कलली. तिन्ही मजल्यांचं चित्र गेलं. आबांचा जीव कासावीस. लगेच डिशवाल्या रवीला बोलावणं गेलं. मनालीला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून गच्चीची किल्ली घेऊन तीच त्याच्याबरोबर वर गेली.

आता छत्री बसवायची म्हणजे एकानं वर ती जरा जरा सरकवायची आणि दुसऱ्यानं खाली टीव्हीपुढं बसून सांगायचं, आलं की गेलं. पूर्वी लोक यासाठी गल्ली दणाणून सोडायचे. आता रवीनं शहाणपणा काढला होता. त्यानं सगुणाबाईंच्या, म्हणजे मनालीच्या सासूबाईंच्या, मोबाइलवर फोन लावला. त्यांनी स्पीकर चालू करून फोन टीव्हीशेजारी ठेवला. रवीनंही आपला फोन स्पीकरवर टाकून गच्चीच्या कठड्यावर ठेवला.

"आलं का मावशी?"

"नाय."

"आता?"

"आलं! आलं! गेलं मेलं."

"आता?"

"आलं बाबा! आता हात लावू नको!"

"बसा निवांत मावशी, मी टाइट करतो," रवी म्हणाला आणि पान्यानं नटबोल्ट आवळायला लागला. फोन तसाच कठड्यावर.

समोर त्रिरश्मी लेण्यांचा डोंगर दिसत होता. वारा छान लागत होता. घरात आल्यापासून मनालीला मोकळं बोलता येईल अशी ही एकच जागा. आवळता आवळता रवी म्हणाला, "वहिनी, एक बोलू? राग नका मानू. एका डब्यावर तीन मजले, आता कोण करतं हो असं? वर तुमच्याकडं नुसत्या मुंग्या दिसतात, चित्र कमी न् मुंग्या जास्त. छत्री हीच राहू द्या, हिला दुसरी वायर जोडतो, वर तुमचा डबा. वेगळं होऊन जा ना एकदाचं!"

डिशवाल्यांच्या बोलण्यात वेगळं होणं म्हणजे वेगळं कनेक्शन घेणं. दिवसातून दहा घरी तो हेच सांगत असणार. पण मनालीच्या कानावर तो शब्द पडला आणि आत इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं भसकन वर आलं.

"व्हायचंय हो रवीदादा! वेगळंच व्हायचंय मला. इथं काय बघायचं ते त्यांनी ठरवायचं, कधी झोपायचं ते त्यांनी ठरवायचं. बरं, कोणी वाईट आहे का? कोणी नाही. वाईट असते तर भांडून निघाले असते. ही चांगली माणसं आहेत, तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे नुसता. जीव गुदमरतो माझा. एकदा इथून सुटले ना..."

रवीचा पाना हातातच राहिला. "वहिनी, मी डब्याचं म्हणत होतो."

मनाली भानावर आली. "मीपण डब्याचंच," ती म्हणाली.

रवीनं कठड्यावरचा फोन उचलला. "मावशी, झालं बरं का. ठेवतो." खालून काही उत्तर आलं नाही.

"फोन चालू होता?" मनालीच्या तोंडचं पाणी पळालं.

"चालूच की. नाहीतर आलं-गेलं कसं कळणार?"

मनाली खाली उतरली तेव्हा हॉलमधल्या टीव्हीवर चित्र होतं आणि कोणी ते बघत नव्हतं. सगुणाबाई पुसलेलीच ताटं परत पुसत होत्या. आबांनी तिच्याकडं न बघता "आलं चित्र" एवढंच म्हटलं, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. दुपारी जेवायलाही आले नाहीत.

जिन्यात थोरली जाऊ सायली भेटली. तिनं मनालीला कोपऱ्यात ओढलं. "सगळं ऐकलं आम्ही. शब्द न् शब्द. बाई गं, काय बोलून बसलीस!"

"चुकलं का ताई माझं?"

सायलीनं वाकून खाली कोणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाली, "मला मेन रोडला गाळा घेऊन शिवणक्लास काढायचा होता. मी तोंड उघडलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत मोटरची शिलाई मशीन हजर. 'घरातच शीव की बाई.' आता गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावते. तू सुटलीस तर सूट. मागं बघू नको."

आणि खरं सांगू का? वर आपल्या खोलीत गेल्यावर मनालीला भीतीपेक्षा हायसं वाटलं. जे बोलायला महिना पुरला नसता ते आपोआप बोलून झालं होतं. आता फक्त पुढचं वाक्य बोलायचं बाकी होतं. प्रफुल्ल कामावरून आला तसा तिनं त्याला सगळं सांगितलं. "अवघड होतं ते झालंय. आबा विचारतील. तुम्ही फक्त हो म्हणा आणि पेठचं सांगा. एवढंच करा माझ्यासाठी."

"सांगतो," प्रफुल्ल म्हणाला. मनालीनं त्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? नवरा होता तिचा.

संध्याकाळी वंदना झाली आणि आबांनी टीव्ही लावला नाही. डबा बंद, पडदा काळा. महेश, सायली, प्रफुल्ल, मनाली, सगळे हॉलमध्ये. आबा खुर्चीत बसून आपल्या हातांकडं बघत होते.

"माझा बाप गेला," आबा सुरू झाले, "न् आमी भाऊ भाऊ वेगळे झालो. भांडी वाटली. घरात पाटा-वरवंटा एकच व्हता. पाटा थोरल्याकडं गेला न् वरवंटा धाकल्याकडं. कोनी कोनाला देईना. दोघांच्याबी घरी वाटन झालं नाय. आई मधी बसून नुसती बघायची. तवाच मी मनाशी म्हनलो, माझ्या घरात आसं व्हऊ द्यायचं नाय." त्यांनी मान वर केली. हनुवटी थरथरत होती. "प्रफुल्ल, सून म्हनती तिला वेगळं व्हायचंय. तुझं काय म्हननं?"

सगळ्यांच्या नजरा प्रफुल्लवर.  बोला, मनाली मनात म्हणत होती, आता बोला.

प्रफुल्लनं बापाच्या हनुवटीकडं बघितलं. आणि त्याच्या तोंडून निघालं, "आबा, ती डब्याचं बोलत होती."

"कशाचं?"

"डब्याचं. टीव्हीच्या. रवी म्हणाला वेगळं कनेक्शन घ्या, तर ही म्हणाली हो, वेगळं व्हायचंय. वर मुंग्या दिसतात ना. विचारा रवीला."

'जीव गुदमरतो' हेही आबांनी आणि सगुणाबाईंनी फोनवर ऐकलं होतं, पण त्यांना हेच खरं असायला हवं होतं. मग सगुणाबाई "अगं माझे आई!" म्हणून हसायला लागल्या, महेश हसला, आणि आबा तर असे हसले की हसता हसता रडायलाच लागले. "डब्यासाठी! आन आमी काय काय समजून बसलो! अगं पोरी, डबाच पायजे व्हता तर सांगायचं ना मला. जेवलो नाय गं मी दिवसभर." सगुणाबाईंनी मनालीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "घाबरवलं गं तू आमाला."

तेव्हा मनालीनं नाही म्हणायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की डब्याचं नाही, माझ्या जिण्याचं बोलत होते मी. तोंड उघडलंही होतं तिनं. पण सासूचे हात गालांवर आणि समोर धाय मोकलून रडणारा म्हातारा. अशा वेळी शब्द कुठून आणायचा? सायली तेवढी हसली नाही. तिनं मान फिरवली.

वर गेल्यावर प्रफुल्ल म्हणाला, "त्यांचं तोंड बघितलंस ना?"

"आणि माझं? माझं बघितलंत?"

त्यानं उठून दिवा मालवला. 

दुसऱ्या दिवशी आबांनी जन्माचा नेम मोडला. रवीला बोलावून छत्रीला दुसरी वायर जोडली आणि दुसऱ्या मजल्यावर नवाकोरा डबा बसवला. गुडघे धरत धरत स्वतः वर चढून आले, पेढे वाटले आणि नवा रिमोट मनालीच्या हातात ठेवला. "घे बाई. आता तुझ्या खोलीत तुझं राज्य. कोनी मधी बोलनार नाय." गल्लीत सांगून आले, सुनेसाठी डबा घेतला म्हणून. महेशला वेगळा डबा मिळाला नव्हता, सायलीलाही नाही. असा मान या घरात आजवर कोणाला मिळाला नव्हता. रवी जाताना मनालीकडं बघून बोलायला गेला आणि नुसतंच "येतो वहिनी" म्हणाला.

आता सांगायचं कसं? रोज सकाळी मनाली ठरवायची, आज सांगते. आणि रोज वाटायचं, लोक काय म्हणतील? कालपरवा म्हाताऱ्यानं हौसेनं डबा आणून दिला, आज ही घर मोडायला निघाली. आधी नुसतं सांगायचं होतं. आता उपकार फेडल्याशिवाय सांगता येत नव्हतं, आणि असले उपकार फिटतात होय कधी?

त्यात आणखी एक गंमत झाली. गंमत म्हणा नाहीतर काहीही म्हणा. वरचं चित्र एवढं स्वच्छ दिसायला लागलं की आबांना खालचं आवडेना. "तुझ्याकडं लय भारी दिसतं गं," म्हणत ते रोज वर यायला लागले. मागून सगुणाबाई, मग शेंगदाण्याची ताटली, मग सायली चहा घेऊन. आबा पलंगावर तक्क्याला टेकून बसायचे. रिमोटला मात्र हात लावायचे नाहीत, शब्द दिला होता ना! "तू लाव, बाई. तुझा डबा हाय." मनाली मग त्यांना आवडेल असंच काहीतरी लावायची. दुसरं काय करणार?

महिनाअखेर आली. दुपारची वेळ. प्रफुल्ल पहिली पाळी करून आलेला, आबा-आई पलंगावर, सायली दारात बसून कुठल्याशा साडीला फॉल लावत होती. टीव्हीवर कुस्त्या रंगात आलेल्या. मनालीचा मोबाइल वाजला. नंबर तिनं ओळखला.

ती उठून बाहेर जाणार, तोच आबा म्हणाले, "आगं कुठं उन्हात जाती? बोल इथंच. ए, आवाज बंद कर रे प्रफुल्ल, सूनबाईला ऐकू यायचं नाय." प्रफुल्लनं आवाज बंद केला. पडद्यावर दोन पैलवान मुकाट्यानं एकमेकांना पाडत होते. खोलीत एवढी शांतता झाली की सायलीची सुईसुद्धा थांबली. सगळे तिच्याकडं बघत होते, मायेनं.

"हॅलो, मनाली मॅडम का?" पलीकडून एका बाईचा आवाज आला. "पेठच्या पोस्टचं. आज शेवटचा दिवस आहे. तुम्ही हजर होताय ना?"

मनालीनं प्रफुल्लकडं बघितलं.  एकदा, फक्त एकदा त्यानं मान हलवली असती तरी चाललं असतं. त्यानं रिमोटकडं बघितलं.

"मॅडम? वेटिंगवरची मुलगी रोज फोन करतेय. तिला कळवू का?"

आबांनी ताटलीतले शेंगदाणे हळूच तिच्याकडं सरकवले.

"कळवा," मनाली म्हणाली.

"नक्की ना?"

"हो. कळवा तिला." तिनं फोन खाली ठेवला.

"कोन व्हतं गं?" आबांनी विचारलं.

"कोणी नाही, आबा. त्यांना दुसरीच कोणीतरी हवी होती."

"बरं," आबा म्हणाले. "मग वाढव की आवाज."

मनालीनं प्रफुल्लच्या हातातून रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.